चार मतांचं घर

आदेशने मतदारयादीचं पान उलटलं आणि पेन तसंच हातात धरून बसला. पुढची चार नावं त्याच्याच घरची होती.

"थांबलास का रं? चारी टिक मार नि फुडं चल," त्याचा बाप धर्मा खांबाला टेकून म्हणाला.

जिल्हा परिषदेचं मतदान बारा दिवसांवर आलं होतं. पाड्याची यादी पक्षासाठी तपासायचं काम तीस वर्षं धर्माकडेच होतं. आपला माणूस असेल तर टिक, दुसऱ्यांचा असेल तर फुली, आणि मन डळमळीत असेल तर गोल. गोल आला की तालुक्याचे साहेब स्वतः त्या घरी जायचे, चहा घ्यायचे, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे. मोतीबिंदू झाल्यापासून पेन आदेशच्या हाती आलं होतं, पण निकाल धर्माचाच. "लडकूकडं पाच. चार आपली. धाकट्या सुनंला गोल दे," असं तो डोळे मिटून सांगायचा आणि ते सहसा चुकायचं नाही. शहापूरच्या सभेत साहेबांनी एकदा त्याचं नाव घेतलं होतं. तेवढ्या शिदोरीवर गड्याने पुढच्या दोन निवडणुका काढल्या.

"बाबा, माझ्या नावाफुडं फुली मारतोय."

धर्मा हसला. पोरगं मस्करी करतंय असंच त्याला वाटलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून आदेश पक्षाचा झेंडा मिरवत आला होता. पक्षाला कोणी वावगं बोललं म्हणून त्याने जिवाभावाच्या मित्राशी वर्षभर अबोला धरला होता.

"पूजाच्या पण. तिला फोन करून इचारलंय मी."

धर्माचं हसू विरलं. पूजा बाळंतपणाला म्हसा गावी माहेरी गेली होती, त्याला आता आठ महिने झाले होते. एक खोली आणि पुढची पडवी, त्यात पाळणा टांगायचा कुठे? आदेशच्या नावाने घरकुल आलं होतं, पण जागेचा उतारा नाही म्हणून परत गेलं. आज्याने सरकारी गुरचरण जमिनीवर घर बांधलं, तिसरी पिढी त्यात राहत होती, तरी कागदावर ती जागा त्यांची नव्हती. साहेबांच्या दारी हेलपाटे घालून आदेशच्या चपला झिजल्या. साहेब दर वेळी "बघतो" म्हणाले. गेल्या महिन्यात घरांच्या जागेसाठी लाल बावट्याचा मोर्चा निघाला, तेव्हा गोदामात ओव्हरटाइम आहे असं घरी सांगून तो मोर्चात गेला होता.

आज त्याने तेही सांगून टाकलं.

"लाल बावटा?" धर्माचा आवाज चढला. "ते देणार तुला घर?"

"देतील का नाय, म्हाईत नाय. पण त्यांनी अर्ज लिवून दिला, सोबत कचेरीत आले, पोच घेऊन दिली. आपल्यातल्या कोणी तेवढं पण नाय केलं."

"आनी देवधरम? तो सोडलास?"

"देव आपला तोच हाय. देवाचं नाव नका घेऊ यात." आदेशने यादी बापापुढे सरकवली. "ह्ये बघा. नाव हाय, वय हाय. घर नंबरची जागा मोकळी. आपलं मत चालतं यांना, घर चालत नाय." "बाबा, पोरगी बसायला लागली माजी. ते पण मी मोबाइलवर बघितलं."

धर्माला लागलं होतं. मुलाचं लागलं की साहेबांचं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने पेन मागून घेतलं, यादी डोळ्यांजवळ धरली आणि आदेश-पूजाच्या नावांपुढे स्वतःच्या हाताने फुल्या मारल्या. तिसरं नाव बायकोचं होतं. तिथे टिक मारायला पेन टेकलं आणि थबकलं.

धोंडूबाई दारात तांदूळ पाखडत होती.

"काय गो, तुजं काय लिवू?"

"माजी मागच्या दोन टायमाला फुलीच व्हती," सूप न थांबवता ती म्हणाली. "तुमी इचारलंत कवा?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या पाड्याची मनं जाणणारा माणूस बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. आदेशला हसू येत होतं, पण बापाचा चेहरा बघून त्याने ओठ दाबले.

तिसरी फुली पडली. राहिलं धर्माचं स्वतःचं नाव. त्यावर तो बराच वेळ वाकून होता. मग त्याने हळूहळू एक गोल काढला, वाकडातिकडा, पण टोकाला टोक पुरतं जुळवलेला.

"ह्ये काय?" आदेशने विचारलं.

"आता येतील साहेब. तीस वरसांत एकदा पन आलं नायत इथं. टिकवाल्याकडं कोन येतो?" धर्माने यादीची घडी घातली. "आलं म्हंजे पडवीत खुर्ची नको टाकूस. आत बसव. बघू देत."