ओळखीची गोडी

न्यूमोनियातून मालतीबाई उठल्या, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये मुलगा श्रीनिवास आणि सून विनीता ऑफिस सांभाळून त्यांचं सगळं करत. फिजिओथेरपिस्ट घरी येऊन खुर्चीतून उठबस करायला सांगे. बाई कशाबशा एकदा उठत आणि डोळे मिटून घेत. "पोटात घास नाही, पायांत बळ कुठून आणू?" आयुष्यभर वर्गात उभं राहून भूगोल शिकवलेल्या बाईंना बाथरूमपर्यंत जायलाही सुनेचा खांदा लागू लागला.

नोव्हेना भागातल्या दवाखान्यात शिराइशी नावाच्या जपानी डॉक्टर होत्या. त्यांनी रिपोर्ट वाचले, जीभ पाहिली, हलक्या हाताने पोट चाचपलं. घरचं काही औषध घेता का, असंही विचारलं. मालतीबाई नाही म्हणाल्या, आणि तेव्हा ते खरंच होतं. डॉक्टरांनी कांपोच्या, म्हणजे जपानमधल्या परंपरागत वनौषधींच्या, पुड्या दिल्या. "यानं ताकद येत नाही," त्यांनी बजावलं. "भूक लागली तर जेवायचं आणि जेवलात की व्यायाम करायचा."

विनीताला हे फारसं पटलं नव्हतं. मालतीबाईंनी मात्र पहिली पुडी गरम पाण्यातून घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, यात ज्येष्ठमध आहे! शिकवून घसा बसला की मी हाच चघळायचे."

हळूहळू त्या मऊ भातावर वरण मागून घेऊ लागल्या. उठबस वाढली. मग धीर धरवेना. थोड्यानं एवढा गुण येतो, तर जास्तीनं किती येईल! पुण्याहून आणलेल्या ज्येष्ठमधाच्या काड्या सामानात होत्याच. घर रिकामं झालं की त्या काढा करून पिऊ लागल्या. घरचीच तर वस्तू, तिला औषध कोण म्हणतं?

पावलं सुजली. मांड्यांतलं त्राण गेलं. तपासणीत पोटॅशियम खाली आणि रक्तदाब वर निघाला.

"त्या पुड्यांनीच झालंय हे," विनीता डॉक्टरांसमोरच म्हणाली.

"शक्य आहे," शिराइशी म्हणाल्या. "मी रक्त आधीच तपासायला हवं होतं."

आपण गप्प राहिलो तर हे असंच निभावेल, मालतीबाईंच्या मनात आलं. डॉक्टरांचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. इंग्रजी येत असूनही शब्द मराठीतच आले. "विनीता, त्यांना सांग. तुम्ही ऑफिसला गेलात की मी ज्येष्ठमधाचा काढा घेत होते."

विनीता त्यांच्याकडे वळली. "आई, मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि माझ्यापायी रोज तुला उशीर होतो गं."

विनीताने डॉक्टरांना सांगितलं. ज्येष्ठमध जास्त झाला की असं होतं, असं सांगून शिराइशींनी पुड्या आणि काढा दोन्ही बंद केले, पोटॅशियम भरून काढलं. सूज उतरायला वेळ लागला, भूक मात्र टिकली. ती औषधाने परतली, ओळखीच्या चवीने, की नुसते दिवस गेले म्हणून? मालतीबाईंनी विचारलं, तेव्हा शिराइशी म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही." त्या उत्तराने बाईंना त्या अधिकच आवडल्या.

पुढे एका रविवारी विनीता त्यांना ईस्ट कोस्टला घेऊन गेली. वॉकर धरून बाई समुद्राकडेच्या बाकापर्यंत चालल्या, धापा टाकत बसल्या. धाप ओसरल्यावर म्हणाल्या, "काहीतरी खायला आण बाई. तिखट आण."