भोकापलीकडची वाट

दूरदृष्टी महाराजांच्या दालनातली रांग जिना उतरून थेट रस्त्यावर आली होती. आत एका लाकडी पडद्याला अंगठा जाईल एवढं भोक होतं. एक डोळा हाताने झाकायचा, दुसरा भोकाला लावायचा, की लांबच लांब खांबांची वाट दिसे आणि तिच्या टोकाला उजेड. बघून येणारा तोंड मिटायला विसरे.

नेत्रतज्ज्ञ डॉक्टर थोरल्या बहिणीला घेऊन रांगेत उभे होते. चमत्कारांचा त्यांना आता राग येत नसे, नुसती पाठ दुखे.

"ताई, थेंब कधी बंद केलेस?"

"दर्शन झालं त्या दिवशीच."

ताईचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता आणि उजवा त्या थेंबांवर तगून होता.

"अरे, डावा उघडला ना! तूच म्हणाला होतास, अंतराचा अंदाज यायला दोन डोळे लागतात. मला ती वाट लख्ख लांबवर दिसते. मग?"

आपलंच शास्त्र महाराजांच्या झोळीत पडलेलं पाहून डॉक्टरांना कपाळ बडवावंसं वाटलं, पण गर्दीत हात वर करायला जागा नव्हती.

"दिसली ना वाट?" महाराज पडद्याशेजारून प्रत्येकाला विचारत होते. "औषधं सोडा, वाट धरा!"

नंबर आला. डॉक्टरांनी डोळा लावला. काम खरोखर झकास होतं.

"ताई, जिना उतरताना पायरी किती खाली आहे, हे कसं कळतं तुला?"

"काठी टेकवून."

"मग आत टेकव."

"अहो, काठी नको!" महाराज अर्धवट उठले. "वाट भंगेल!"

"एवढी लांब वाट, काठीने काय व्हायचंय तिला?" डॉक्टर म्हणाले.

ताईने काठी भोकात घातली. अर्धी गेली आणि टक! डावीकडे टक. टोकाच्या उजेडावरही टक.

"अरे, ही तर भिंत!"

"भिंतच. जवळचे खांब मोठे, लांबचे बारीक, फरशीच्या रेघा एका ठिपक्याला जुळलेल्या. दोन्ही डोळ्यांनी लगेच चुगली केली असती, की हे सपाट आहे. म्हणून दुसरा झाकायला लावतात. या भोकाशी सगळेच तुझ्यासारखे एका डोळ्याचे."

"ओ काकू, काठी काढा, आम्हाला बघायचंय!" मागून कुणीतरी ओरडलं.

डॉक्टर वळले. "बघा, खुशाल बघा. चित्र सुंदर आहे. फक्त पडदा बाजूला करायला लावा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, हात लावून पाहा. जो हात लावू देत नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका."

दोघे-तिघे रांगेतून बाहेर पडले. बाकीचे त्यांच्या जागी पुढे सरकले. सकाळपासून ताटकळले होते बिचारे.

जिन्यात ताई थांबली. "म्हणजे डावा नाही आला?"

"नाही, ताई. तो यायचा नाही."

तिने कठडा धरला आणि काठीने खालची पायरी चाचपली.

"आणि उजवा?"

"थेंब घातलेस तर राहील."

डॉक्टरांनी खिशातून बाटली काढली. ताईने त्या गर्दीतच भिंतीला डोकं टेकलं, मान मागे टाकली आणि डोळा मोठा केला.

"घाल. आणि नीट बघून घाल, मागच्या वेळी सगळं गालावर सांडलंस."