साडेसातला बंद होणारा दरवाजा

मित्रांनो, ज्याला दप्तर घासत तुम्ही रोज आत शिरता आणि ज्याच्याकडे कधी मान वर करून पाहत नाही, तो शाळेचा लोखंडी दरवाजा मी आहे. सगळे मला गेट म्हणतात. रायपूरला, चौबे कॉलनीच्या थोडे अलीकडे, एका खासगी शाळेच्या तोंडाशी मी बरीच वर्षे उभा आहे. अंगावर रंगाचे इतके थर चढले आहेत की आतले लोखंड आता मलाही आठवत नाही. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. ती गोड नाही, पण ऐका.

माझे लोखंड रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातले. शहरातच, तात्यापाऱ्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात मला घडवले. तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक यशवंतराव होते. ते संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसत आणि माझा एकेक गज जोडला जाताना पाहत. माझ्या उजव्या पल्ल्यात, म्हणजे कवाडात, त्यांनी एक छोटे दार करवून घेतले आणि त्याची कडी अगदी खाली बसवायला लावली.

मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, इतकी खाली कडी कोनी लावते काय?"

"पहिलीतलं पोट्टं उशिरा आलं तर त्यानं उडी मारायची काय?" यशवंतराव म्हणाले.

ते माझे सुखाचे दिवस होते. मुले माझ्या पल्ल्यावर उभी राहून झोके घेत. सव्वीस जानेवारीला मला झेंडूच्या माळा घालत. उशिरा आलेला मुलगा छोट्या दारातून हळूच शिरे, तर समोर व्हरांड्यात यशवंतराव उभेच असत. "काहून रे, आज कोंबडा आरवला नाही काय?" असे म्हणून ते कान धरत, कारण विचारत आणि वर्गात पाठवून देत.

पण त्या काळात सगळेच चांगले होते असे नाही. एका दुपारी एक अनोळखी माणूस आला. "मी हिचा मामा," असे सांगून त्याने दुसरीतल्या एका मुलीला त्याच छोट्या दारातून बाहेर नेले. कोणी काही विचारले नाही, कारण विचारायची रीतच नव्हती. संध्याकाळी ती मुलगी बसस्टँडवर रडताना सापडली. दुसऱ्या दिवशी पालकांनी मला घेरून आरडाओरडा केला आणि त्यांचे काही चुकले नव्हते. शाळेला नियम हवेच होते. यशवंतराव त्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी शर्मिष्ठा मॅडम आल्या.

मॅडम हुशार होत्या आणि कामसू होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आपल्या खोलीत एकटीने बसून शाळेची नवी नियमावली लिहिली. ना शिक्षकांना विचारले, ना पालकांना, ना माझी किल्ली सांभाळणाऱ्या हरिदासला. जूनमध्ये नियम लागू झाले. साडेसातला मी बंद. उशिरा आलेल्यांनी पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभे राहायचे. मग मॅडमची सही असलेली चिठ्ठी आली की मला उघडायचे. मधल्या वेळात कोणी आत येणार नाही, कोणी बाहेर जाणार नाही. पालकांनी माझ्या आत पाऊल टाकायचे नाही. गणवेशाच्या स्वेटरशिवाय अंगावर दुसरे गरम कापड चालणार नाही. माझे छोटे दार वेल्डिंग करून कायमचे बंद केले गेले. मला नवा निळा रंग मिळाला. सभेत पालकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही थोडा अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू?

आता पायलविषयी सांगतो.

पायल सातवीत होती. तिचे वडील दयाराम सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चे लोखंड बनवणाऱ्या, प्लांटमध्ये कामाला होते. रातपाळी संपली की ते बिरगावला घरी जात आणि तोंडसुद्धा न धुता मुलीला मोटारसायकलवर बसवून शाळेत आणत. पायलला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. थंडी लागली, पाणी कमी पडले, की त्या नसांत अडकतात आणि हाडे आतून फुटल्यासारखी दुखतात.

हे सांगायला तिची आई सरला जूनमध्येच आली होती. आत येता येत नव्हते, म्हणून ती माझ्या गजांना धरून बाहेर उभी राहिली. आतल्या बाजूला वर्गशिक्षिका राधिका मिस आल्या.

"मिस, माह्या पोरीले सिकलसेल हाये," सरला म्हणाली. "तिले थंडीत उभं नका करू. अन् पानी प्याले अडवू नका. बस इतकंच."

"हव ताई, मी मॅडमना सांगते," राधिका मिस म्हणाल्या.

त्यांनी सांगितलेही. चार दिवसांनी त्या माझ्याजवळ येऊन हरिदासला म्हणाल्या, "मॅडम म्हणतात, एकीला सूट दिली की उद्या सगळे मागतील. नियमावलीत आजारी मुलांचा रकानाच नाही. आता सांगा हरिदास, मी काय करू?"

जानेवारी आला. त्या वर्षी थंडी फार होती. एका सकाळी इतके धुके पडले की सिलतरा रोडवर ट्रक एकामागे एक अडकून पडले. दयाराम आपल्या मुलीला घेऊन पोचले तेव्हा हरिदासने मला नुकतेच कुलूप लावले होते. पायलने अंगावर आईची लाल शाल गुंडाळली होती. ती तिने स्वतःच काढून वडिलांच्या हातात दिली.

"राहू दे न अंगावर," दयाराम म्हणाले.

"नहीं पापा, शॉल नहीं चलती. मैडम डाँटती है."

पालकांनी गेटसमोर गर्दी करू नये, असाही नियम होता. दयाराम थोडे घुटमळले, मग शाल सीटवर घालून निघून गेले. घरी जाऊन ते झोपले असतील. रात्रभर भट्टीजवळ उभा राहिलेला माणूस दुसरे काय करणार?

त्या दिवशी शाळेत पाहुणे यायचे होते. खासगी शाळांच्या एका संघटनेची माणसे आमची नियमावली बघायला येणार होती. नियम पसंत पडले तर ते शाळा सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र देणार होते. पाहुण्यांनाही धुक्यामुळे उशीर झाला. त्यांची गाडी आली तेव्हा शाळेचा क्लार्क सुशील धावत आला. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना पाहून तो म्हणाला, "ये, तुम्ही तिकडे भिंतीच्या मागे व्हा. पाहुण्यांसमोर हे काय ध्यान!"

मुले बाहेरच, भिंतीच्या कोपऱ्यामागे गेली. माझे दोन्ही पल्ले सताड उघडले गेले, पाहुण्यांना गुलाबाची फुले दिली गेली, गाडी आत गेली आणि मला पुन्हा कुलूप लागले.

पहिला तास संपल्याची घंटा झाली. सही आली नाही, कारण सही करणाऱ्या मॅडम पाहुण्यांना नियमावली वाचून दाखवत होत्या. दुसरा तास सुरू झाला. पायल भिंतीला टेकून खाली बसली. तिने दोन्ही गुडघे पोटाशी घेतले. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी कधी कोणा मुलाच्या तोंडून ऐकला नव्हता.

हरिदासने भिंतीवरचा फोन उचलला. "सुशीलभैया, पोट्टी दुखण्यानं तळमळून राहिली. गेट उघडू काय?"

पलीकडचे शब्द मला ऐकू आले. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत. सहीशिवाय उघडशील तर नोकरी जाईल, समजलं?"

हरिदासने फोन ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच उत्तर आले. तेवढ्यात राधिका मिस वर्ग सोडून धावत आल्या. त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, पण भिंतीमागे बसलेल्या पायलपर्यंत तो पोचत नव्हता.

"हरिदास, उघडा!"

"मिस, सही..."

"तिचे ओठ बघा तरी!"

हरिदासने तिथून वाकून पाहिले आणि कुलूप काढले. दोघांनी पायलला उचलले. रस्त्यावरची एक रिक्षा थांबवली आणि तिघे दवाखान्याकडे गेले. मी तसाच उघडा राहिलो. राहिलेली मुले मुकाट्याने आत शिरली. थोड्या वेळाने पाहुणे बाहेर आले, तेव्हा सुरक्षित शाळेचा दरवाजा सताड उघडा होता आणि जवळ चौकीदार नव्हता. मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

हरिदासला त्याच दिवशी काढून टाकले. राधिका मिसकडे खुलासा मागितला. पायल बरेच दिवस दवाखान्यात होती. जीव वाचला, पण तिच्या डाव्या खुब्याचे हाड रक्ताविना मेले. शाळेने चौकशी केली. तीन जण माझ्यासमोर उभे राहिले, त्यांनी कुलूप पाहिले, घड्याळ पाहिले आणि निष्कर्ष काढला: कार्यपद्धतीत दोष नाही, चौकीदाराने ती मोडली. प्रमाणपत्र पुढच्याच महिन्यात आले. ते माझ्या शेजारच्या भिंतीवर काचेत लावले आहे.

मग नियमावलीत आजारी मुलांचा रकाना आला. मला वाटले, आता तरी काही चांगले होईल. त्यात लिहिले होते की अशा मुलांची जबाबदारी शाळा घेऊ शकत नाही. पालकांनी तसे मान्य करावे किंवा टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन जावे.

मार्चमध्ये सरला, दयाराम आणि पायल टीसी घ्यायला आले. पायल काठी टेकत, डावा पाय ओढत चालत होती. नव्या चौकीदाराने त्यांना बाहेरच उभे केले. मॅडम स्वतः आल्या आणि त्यांनी दाखला माझ्या गजांमधून बाहेर दिला.

सरला म्हणाली, "मॅडम, नियम लिवाच्या आधी एक डाव मले इचारलं असतं न, मी सांगतलं असतं."

"नियम कोणा एकीसाठी बदलत नसतो, बाई. तुम्ही समजून घ्या."

पायल पुढे झाली. "मैडम, इंदू को बाय बोलके आऊँ? सातवीं में ही है. दो मिनट."

मॅडमनी तिच्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. उलट फार सौम्यपणे म्हणाल्या, "टीसी झाली ना बेटा. आता तू आमची विद्यार्थिनी नाहीस. बाहेरच्या माणसांना आत सोडता येत नाही."

दयारामनी माझे दोन गज घट्ट धरले. तप्त लोखंडाशी रोज झुंजणारे ते हात होते. मला वाटले, हा आता मला उपटून काढील, आणि मित्रांनो, मला ते हवेही होते. पण पायलने त्यांचा शर्ट ओढला. "चलो न पापा." ते हात सुटले. तिघे चौकाकडे गेले, तिच्या चालीने, हळूहळू. सातवीचा वर्ग मागच्या बाजूला आहे. इंदूला काहीच कळले नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कोणी मुख्याध्यापक होतील, कोणी अधिकारी होतील आणि शाळांसाठी नियम लिहितील. जरूर लिहा. मी बिननियमांची शाळाही पाहिली आहे. फक्त लिहिण्याआधी थंडीच्या एखाद्या सकाळी, स्वेटरावर काही न घालता, माझ्या बाहेरच्या बाजूला येऊन उभे राहा. तिथे जी मुले उभी असतील त्यांना नाव विचारा, उशीर काहून झाला ते विचारा. आणि मला उघडायचे की नाही हे ठरवायला जवळ एक तरी माणूस असा ठेवा, ज्याला भीती वाटणार नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या दोन शाळांची माणसे आली होती. त्यांनी माझे फोटो काढले, टेप लावून उंची-रुंदी मोजली आणि नियमावलीची प्रत मागून नेली. जूनपासून त्यांच्याकडेही असाच दरवाजा बसणार आहे.