बाहेरची लसूणघास

सभेत एक्केचाळीस हात वर गेले, सहा खालीच राहिले, आणि नियम बदलला. चिजावर आमच्या डोंगराचं नाव लावायचं तर त्यासाठी दूध देणाऱ्या गाईंनी डोंगराच्या हद्दीतलाच चारा खायला हवा, हा नियमपुस्तिकेतला सगळ्यात कडक नियम. आता दुष्काळी वर्षी एक तृतीयांश चारा बाहेरून आणता येईल. ठराव मांडणारी मीच, सोलांज, चीजवाल्यांच्या संघाची अध्यक्ष. चार वर्षांतला हा तिसरा दुष्काळ. माझ्या कोठारातलं गवत नाताळपर्यंतही पुरणार नव्हतं.

"बाहेरच्या चाऱ्यानं चव बिघडत नाही म्हणतेस, पण पुरावा काय?" म्हातारा लेओन्स उभा राहून म्हणाला होता. "की आम्ही नुसत्या माना डोलवायच्या?"

पुरावा माझ्या पिशवीत होता. एकोणीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळातला, चव-परीक्षेचा कागद. त्या वर्षी अख्ख्या डोंगरात पहिलं आलेलं चीज लसूणघास खाणाऱ्या गाईंचं होतं, आणि ती घास खालच्या सपाटीवरून आलेली होती. वीसपैकी सतरा गुण. मी गुण वाचून दाखवले, नाव वाचलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. आन्सेल्म विदालांक, माझा शेजारी.

त्या वर्षी मी नियम पाळला होता. चारा नाही म्हणून अकरा गाई विकल्या, एकेकीला नावानं हाका मारत ट्रकात चढवलं. पुढच्याच महिन्यात आन्सेल्मची गाय अडली आणि त्यानं मला बोलावलं. कोपरापर्यंत हात घालून मी वासरू ओढून काढलं. हात धुवायला वळले तर गव्हाणीत लसूणघास! आमच्या उंचीवर कुणाच्याच रानात ती नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी तपासनिसाला फोन केला, स्वतःचं नाव न सांगता. डोंगराच्या इभ्रतीसाठी करतेय, असं मनाला बजावलं. साफ खोटं. माझे खुंटे रिकामे आणि त्याचे भरलेले, हे मला बघवलं नव्हतं.

त्याला चिजावर डोंगराचं नाव लावायची बंदी झाली. बिननावाच्या चिजाला कोण विचारतो? दोन वर्षांत त्याचा गोठा मोकळा झाला. तेव्हापासून तो शाळेची बस चालवतो.

सभेनंतर लोकांनी बाटल्या उघडल्या. मी तडक आन्सेल्मकडे गेले. तो अंगणात अक्रोड फोडत बसला होता.

"ये, अध्यक्षीणबाई," तो म्हणाला. "जिंकलीस म्हणे."

"तुझ्या चिजावर जिंकले, आन्सेल्म. तुझे गुण वाचून दाखवले."

"बरं झालं. कुणाच्या तरी कामी आले."

"आणखी एक सांगायचंय." माझे कान तापले होते. "तेव्हा तपासनिसाला फोन..."

"तूच केलास. माहीत आहे." त्यानं एक अक्रोड फोडला. "त्या आठवड्यात माझ्या गोठ्यात तुझ्याशिवाय कोण आलं होतं?"

"मग एकदा तरी बोलायचंस! शिव्या द्यायच्यास!"

"तपासनीस यायच्या दोन दिवस आधीच तू माझी गाय वाचवली होतीस. कुठल्या तोंडानं देणार?" मग त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहून आवाज खाली आणला. "नोएलीला मात्र सांगू नकोस. तिचा तुझ्यावर फार जीव आहे."

आत त्याची बायको नोएली माझ्यासाठी कॉफी करत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी उठले तसा आन्सेल्मही उठला. आतून एक चिठ्ठी आणून माझ्या हातात ठेवली. वर एक फोन नंबर.

"घासवाला. आता त्याचा मुलगा बघतो सगळं. माझं नाव सांग. यंदा चाऱ्यासाठी झुंबड आहे, नाहीतर तो दारात उभं करायचा नाही."

चिठ्ठी परत करावी, एवढी लाज मला असायला हवी होती. पण घरी बावीस गाई होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. पलीकडचा तरुण आवाज तुटकपणे म्हणाला, "नवीन गिऱ्हाईक घेत नाही, बाई. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"आन्सेल्म विदालांकनं," मी म्हणाले.

"अरे वा, त्यांनी?" आवाज एकदम मोकळा झाला. "मग काय, त्यांची माणसं ती आमचीच. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी शेजारीण असल्याचं सांगितलं.