समईची बाजू

गहिनीनाथ गुरुजी देवळाच्या उंबऱ्यावरच थबकले. अकरा वर्षांची नात संस्कृती भैरोबासमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर वही, आणि भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना तांदळाचे ओले दाणे चिकटवलेले.

"अगं ए! कौल म्हणजे खेळ वाटला व्हय तुला?"

"थांबा तात्या, पडतोय!" ती मानही न वळवता म्हणाली.

गुरुजी जन्मानं भैरोबाचे गुरव आणि पोटापाण्यानं शाळामास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी दोन्ही कामं सुटली नव्हती. सकाळी पोरं शिकवायची, आणि कुणी अडलंनडलं आलं की देवाला कौल लावायचा. दोन खांद्यांवर दोन ओले दाणे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. त्यापुढं गावात कुणी ब्र काढत नसे.

उद्या घरचाच कौल होता. संस्कृती पळण्यात जिल्ह्यात दुसरी आली होती, नगरच्या खेळाडूंच्या वसतिगृहात तिची निवड झाली होती. पण राहात्याच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या वडिलांनी, निरोप धाडला होता, 'पोरीला बाहेर ठेवायची तर तुमच्या देवाला विचारा. तो म्हणेल तसं.'

दाणा पडला. संस्कृतीनं वहीत फुली मारली.

"तात्या, तुमीच सांगता ना, ऐकलेलं पडताळून बघावं? मी चाळीस वेळा कौल लावला. समई उजवीकडं ठेवली की उजवा पडतो, डावीकडं ठेवली की डावा. आचेनं दाणा लवकर सुकतो. मधोमध ठेवली तर कधी हा, कधी तो." तिचे डोळे लकाकले. "उद्या समई कुठं ठेवायची ते कळलं आता!"

गुरुजींनी वही हातात घेतली. चूक शोधायची जन्माची सवय. एकेक फुली तपासली. चूक नव्हती.

खांबाला धरून ते खाली बसले.

सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं, रेश्मानं, पोलीस भरतीचं मैदान मारलं होतं. लेखीही पास झाली होती. नगरला हजर व्हायचं पत्र आलं आणि भावकी गोळा झाली. गुरवाची पोर खाकी घालणार? गुरुजी म्हणाले होते, "देवाला विचारू." त्या दिवशी वाऱ्यानं समई फडफडत होती, म्हणून त्यांनी ती आडोशाला सरकवली. डावीकडं. जरा वेळानं डावा दाणा पडला. रेश्मानं पत्र घडी करून ठेवलं आणि पुढच्या वर्षी ती राहात्याला नांदायला गेली.

वाऱ्यानं?

त्या दिवशी दाराशी पोरं गलका करत होती, म्हणून त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं होतं. आत माणसं उकाड्यानं घामाघूम झाली होती. मग समई कशानं फडफडत होती?

"तात्या, असं काय करताय? पाणी आणू?"

तेवढ्यात राहात्याच्या एसटीतून उतरून रेश्मा थेट देवळातच आली. हातात पेरूंची पिशवी. "हे काय, दोघं भुईवर का बसलाय?"

"रेश्मा," गुरुजी म्हणाले. "तुझ्या कौलाच्या दिवशी समई मी सरकवली हुती."

"माहीत हाय मला."

"काय?"

"समोरच बसले होते की. तुमचा हात दिसत हुता."

"देवाशप्पथ, मला कळलं नव्हतं गं, मी काय करतोय ते."

"हाताला कळलं हुतं, तात्या."

"मग बोलली का न्हाईस?"

रेश्मानं पिशवी खाली ठेवली. "तुमी देवाला विचारत होता. मला कुठं कुणी विचारलं?"

अडतीस वर्षांच्या मास्तरकीत गुरुजींनी पोरांना लाखभर प्रश्न विचारले असतील. हा एक नव्हता विचारला. ते नातीकडं वळले.

"उद्या कौल लावायचा न्हाई. तूच सांग बाई, तुला जायचंय का नगरला?"

संस्कृतीनं आ वासला. "मला विचारताय?"

"तुलाच."

"पण मी... उजवा कसा पाडायचा तेवढंच शोधत होते. जायचं का, ते कुठं ठरवलंय?" तिचा चेहरा पार उतरला. "तिथं आई नसणार ना?"

रेश्मा काही बोलणार, तोच गुरुजींचा हात वर गेला. वर्गात शेजारचा उत्तर पुटपुटू लागला की जायचा, तसाच.

"कुणी सांगायचं न्हाई."

"अन् राहात्याला काय सांगू मी?" रेश्मानं विचारलं.

"ती म्हणंल ते. मी येतो सांगायला."

"मला वेळ लागंल," संस्कृती पुटपुटली.

"लागू दे की."

तिनं वहीचं कोरं पान उघडलं, बंद केलं आणि हळूच आईकडं पाहिलं. पण आपला चेहरा पोरीला वाचता येऊ नये म्हणून रेश्मा भिंतीकडं वळून बसली होती.