वाढत्या हाताचा ग्लोव्ह

मित्रांनो, वयाने म्हणाल तर मी जेमतेम दीड वर्षाचा आहे. पण माझ्या आत एकदा नाक घातलंत, तर तुम्ही मला आजोबा म्हणाल. मी बॉक्सिंगचा ग्लोव्ह आहे, उजवा. डावा माझा जुळा भाऊ. लढताना तो पुढे जाऊन समोरच्याची चौकशी करतो आणि मी मागे हनुवटीपाशी बसून माझी पाळी यायची वाट बघतो. माझ्या अंगावर चार टक्स आहेत, ब्लाउजला असतात तसे. ते कसे आले, तीच माझी कहाणी.

एका लांबलचक खोलीत माझा जन्म झाला. एका बाईने माझं कातडं कापलं, दुसरीने ते उलटं शिवलं, तिसरीने सुलटं केलं आणि शेवटी एका माणसाने पोटात फोम कोंबून मनगटावर '१६ औंस' असा शिक्का मारला. माझ्यासारखे जाडजूड ग्लोव्ह मोठ्या हातांसाठी असतात. दुकानाच्या फळीवर बसून मी एका भरदार, केसाळ हाताची स्वप्नं बघत होतो.

आली ती मावशी.

मावशी शिवणकाम करायची. बरोबर तिची भाची होती, पंधरा वर्षांची, आणि अंगाने अशी की बाजूने बघितलं तर शोधावी लागे. दुकानदाराने तिची मूठ बघून दहा औंसांची जोडी पुढे केली. मावशीला एकच प्रश्न पडला, पुढच्या वर्षी काय करायचं? त्यांच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घेत. भाचीचा गणवेश वाढत्या अंगाचा होता, चपला वाढत्या पायाच्या होत्या, चष्म्याची फ्रेमसुद्धा वाढत्या तोंडाची होती. दुकानदाराने परोपरीने सांगितलं, की मूठ घट्ट बसायला हवी, आत हात हलता कामा नये.

"हलू दे की," मावशी म्हणाली. "वाढेल तशी बसेल."

झालं, आम्ही दोघे पिशवीत पडलो. ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या सुती पट्ट्या असतात, त्या मावशीने घेतल्याच नाहीत. घरी अस्तराचं कापड पडून होतं. जांभळं, सुंदर आणि साबणासारखं गुळगुळीत.

भाचीला कुणाचा धक्का लागला तर तीच 'सॉरी' म्हणायची. रांगेत सात माणसं पुढे घुसली तरी म्हणायची, असू दे, त्यांना घाई असेल. एकदा ती दवाखान्याच्या रांगेत इतका वेळ मागे मागे सरकत राहिली, की नंबर लागेपर्यंत तिचा ताप कंटाळून निघून गेला होता. पहिल्या दिवशी तिने लटकत्या बॅगेला ठोसा मारला आणि बॅगेलाही 'सॉरी' म्हणाली.

शिकवणारे सर तोंडातली शिट्टी कधी काढत नसत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. त्यांचा नियम कडक होता. आठव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक नवशिक्याने रिंगमध्ये दोन मिनिटांची एक फेरी पुरी करायची. जो करेल त्याची बॅचमधली जागा पक्की. नाही केली, तर ती जागा बाहेर ताटकळणाऱ्या दुसऱ्या कुणाची. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच भाचीला एक जागा कुणालाही द्यायची नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तिने बॅगेची माफी मागणं बंद केलं. चौथ्यात ती बॅगेकडे डोळे वटारून बघू लागली. मला तिचा अभिमान वाटत होता.

पण माझ्या आत तिची मूठ मोठ्या डब्यातल्या एकुलत्या लिंबासारखी गडगडायची. जांभळी पट्टी दहा ठोशांत सुटायची. मी बॅगेवर सरळ आपटायचो, पण आतला हात तिरका यायचा आणि मनगट मुडपायचं. पाचव्या आठवड्यात आत बारीकसं 'कट' झालं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं, कारण ते माझ्या पोटात झालं होतं.

तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर शिट्टीसर घरी बसवणार, आणि घरी बसली की जागा गेली. तिने माझ्यात दोन मोजे कोंबले. मग मनगट सुजलं. सुजल्यामुळे मी तिला जरा बरा बसू लागलो. मित्रांनो, ग्लोव्हच्या जन्मात यापेक्षा वाईट दिवस नसतो.

घरी ती डाव्या हाताने जेवू लागली. मावशीने विचारलं तर म्हणाली, सर सांगतात, दोन्ही हात सारखे चालायला हवेत. मावशीला हे इतकं पटलं की तिनेही डाव्या हाताने शिवून बघितलं आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला काखेत बटण लावलं.

कोंबलेले मोजे मावशीला दिसू नयेत म्हणून भाची आम्हाला घामेजलेलं तसंच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून पलंगाखाली ढकलायची. तिथे मला बुरशी आली. मी जीव तोडून ओरडायचो. पण मला तोंड एकच, आणि त्यात तिचा हात असतो. हात नसला तर मोजे असतात. मग मी वास सोडून बघितला. शिट्टीसरांनी खिडकी उघडली. मग मी मनगटावरची चिकटपट्टी सैल सोडली. तिने वरून दोरी आवळली. माझे उपाय संपले.

फेरीचा दिवस आला. समोर बेकरीवाल्याची मुलगी होती, मैद्याचे गोळे तिंबून तिंबून दंड कमावलेली. पहिलं मिनिट भाचीने एकट्या डाव्यावर काढलं. शिट्टीसरांच्या शिट्टीतून 'उजवा, उजवा' असं काहीतरी वाजत होतं. अर्धं मिनिट उरलं. तिने मला मागे खेचलं. आत ते मनगट मेणासारखं झालं होतं. हा ठोसा बसला असता तर हात कामातून गेला असता, हे रिंगमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी फाटलो. बुरशीने अर्धा दोरा कुजवलाच होता, उरलेला मी सोडून दिला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत उसवलो. फोम बाहेर आला, आणि एक मोजा उडून बेकरीवाल्याच्या मुलीच्या नाकावर बसला. सगळे पोट धरून हसले. मग सरांनी मला तिच्या हातातून काढलं आणि हसणं थांबलं. त्यांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"बोलली का नाहीस गं?"

"जागा गेली असती ना."

"ती आता जाईलच," सर जांभळी पट्टी सोडवत म्हणाले. "हाताची बदली नाही मिळत, बाळ."

भाचीने मला उचललं आणि जमिनीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. बरोबरच होतं. तिची जागा मीच घालवली होती.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर सांगितलं. मावशी सवयीने म्हणाली, "जरा वाढत्या हाताचं घाला." डॉक्टर ती हसायची वाट बघत थांबले. ती हसली नाही. तिने मांडीवरचा मी बघितला, माझ्यातला दुसरा मोजा बघितला आणि आपलंच जांभळं अस्तर बघितलं.

घरी तिने मला पुरतं उसवलं, चार दिवस वाऱ्यावर वाळवलं, नवा फोम भरला. प्लास्टर निघाल्यावर भाचीची मूठ चार वेळा मापली. मग चार टक्स घालून मला त्या मुठीएवढं आत घेतलं. जन्मात पहिल्यांदा मावशीने आहे तेवढंच माप धरलं होतं.

जुनी बॅच कधीच पुढे गेली होती. भाची पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिली, आम्हाला गळ्यात अडकवून. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस सहज तिच्या पुढे येऊन उभा राहिला. माझ्या टक्समध्ये धडधडायला लागलं.

"दादा," भाची म्हणाली, "मी इथे उभी आहे."

त्याने मागे बघितलं. "सॉरी," म्हणाला आणि मागे गेला.

मित्रांनो, ग्लोव्ह घेताना पट्टी बांधून आत मूठ वळून बघा. हात हलला तर मुकाट्याने परत ठेवा. पट्टी सुतीच घ्या. घामेजलेला ग्लोव्ह पिशवीत कोंडू नका, त्यालाही वारा लागतो. आणि दुखत असेल तर सांगा. तुम्हाला तोंड आहे, आणि त्यात कुणाचा हात नाही.