अर्धा पूल

पोळ्याच्या दिवशी बैलांना कुठेही जायचं नसतं, हे आमदार साहेबांना कोणीतरी सांगून ठेवलं असावं. दरवर्षी ते बरोबर त्याच वेळी येत. गावाबाहेरच्या आखरावर सगळ्या जोड्या सजून उभ्या, समोर लिंबाच्या झाडापासून विजेच्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. तोरण तुटलं की पोळा फुटला. तोवर बैलही अडकलेले आणि मतदारही.

घनश्याम या खेपेला साहेबांचीच वाट बघत होता. त्याचं घर नाल्याच्या अलीकडे आणि वावर पलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की तो काठावर उभा राहून स्वतःची कपाशीची पराटी दुसऱ्याची असल्यासारखी बघायचा. पुलासाठी अर्ज केले, साहेबांच्या बंगल्यावर चहा पिऊन आला, पूल काही आला नाही. उरला एकच रस्ता, झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं टोमण्यांचं गाणं. तोरणाखाली उभं राहून कोणी कोणाला झडतीतून कितीही टोमणे मारावेत, समोरच्यानं राग धरायचा नाही आणि जबाब द्यायचा, हा रिवाज. पण पोळा फुटायच्या आत. घनश्याम आषाढापासून झडती घोकत होता. ती आता बैलांनाही पाठ झाली असावी.

"साहेबाईचं दोन मिनिटाचं मनोगत, मंग घनश्यामभाऊची झडती," साहेबांचा स्वीय सहायक अमर म्हणाला. त्याच्या हातात स्टीलचं ताट होतं. ताटात काय आहे ते घनश्यामनं बघितलं नाही, तिथंच चुकलं.

साहेबांनी वर्षाचा कार्यअहवाल उघडला. चौकात उंच दिवा बसवला. खुली व्यायामशाळा दिली. (तिच्यावर गोधड्या चांगल्या वाळतात, हे खरं.) स्मशानभूमीला प्रवेशद्वार बांधलं. भिंत नव्हती, पण दार होतं, आणि गाव मयत घेऊन इमानदारीनं त्याच दारातून जात होतं.

"पुढच्या वर्षाचं आपलं प्राधान्य," साहेब म्हणाले, "स्मशानभूमीतून बाहेर जायचं दार."

टाळ्या पडल्या. घनश्यामचे दोन्ही बैल उभ्या उभ्या झोपले. घनश्यामला त्यांचा हेवा वाटला.

"आणि ही सगळी कामं मी आपल्या चरणी अर्पण करतो," साहेब म्हणाले. या वाक्यानंतर गेली कित्येक वर्षं ते फीत कापत आले होते. त्यांनी न बघता हात बाजूला केला. अमरनं न बघता ताट पुढं केलं. ताटात कैची होती. आणि साहेबांनी अगदी सफाईनं तोरण कापलं.

बैलांना मात्र नियम ठाऊक होता. जोड्या घराकडे सुटल्या, जोड्यांमागे माणसं, आणि आखरावर धूळ, साहेब, अमर, घनश्याम आणि त्याचे दोन झोपलेले बैल उरले.

"हे काय केलं साहेब?"

"उद्घाटन," साहेब म्हणाले. मग त्यांनाही शंका आली.

घनश्यामनं तोरणाची लोंबणारी दोन्ही टोकं उचलली आणि साहेबांच्या दोन हातांत दिली. हातात काही दिलं की धरायचं, अशी साहेबांना सवयच होती. अमरनं फोटो काढला.

"सोडू नका. सोडलं का पोळा फुटला. आता आयका," असं म्हणून घनश्यामनं बैलांकडे बघत आवाज लावला:

"इकडं माहं घर, तिकडं माहं वावर,
मधात नाला म्हणते, धोतर तुहं आवर.
साहेब येते दरसाल, बोलते लय मोठं,
इतक्या बोलण्याचा सांगा पूल बांधला कोठं?
हर हर महादेव."

साहेबांच्या खिशात फोन वाजला. दोन्ही हात तोरणात. वाजून वाजून तो थांबला.

"राग नाही ना धरायचा?" साहेबांनी विचारलं.

"तोरणाखाली नाही."

"मंग आयक. नाल्याच्या मधोमध माहा मतदारसंघ संपते. पलीकडं तो दुसरा आमदार. मले तिकडं वीटही ठेवता येत नाही."

"मंग इतके वर्षं काहून नाही सांगतलं?"

"इतके वर्षं कोणी तोरण धरायले नाही लावलं." साहेबांचे हात भरून आले होते. "अर्धा पूल देतो. मधापर्यंत."

"मधापर्यंत जाऊन माणूस करंन काय?"

"वापस येईन."

"साहेब, अहवालात काय लिहू?" अमरनं विचारलं.

"लिही, पहिला टप्पा."

घनश्यामनं तोरण सोडवून घेतलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं, बैलांना जागं केलं आणि घरी आला. दारात मैनाबाई पूजेचं ताट घेऊन कधीची ताटकळली होती. तिनं बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"काय म्हणे आमदार?"

"अर्धा पूल देतो म्हणते."

"कोन्ता अर्धा?"

"आपल्याकडचा." घनश्यामनं कैचीपासून तोरण धरायला लावण्यापर्यंत सगळं सांगितलं.

मैनाबाईनं डोक्याला हात लावला नाही. ती जरा विचारात पडली.

"उद्या पलीकडच्या तांड्यावर पोट्ट्यायचा तान्हा पोळा आहे," ती म्हणाली. "तिथल्या डोंगरसिंग नायकाची बायको हंसाबाई सांगत होती, तिकडचा आमदार येणार आहे. पोट्ट्यायचे लाकडी बैल पाहाले अन् भाषण द्याले."

"मंग?"

"मंग काय. नाला भरला आहे, दारव्ह्यावरून फेरा घेऊन जीपनं जा. तोरण धुऊन देईन, घेऊन जा."

घनश्याम तोरणाकडे बघत राहिला. कापलेली टोकं अगदी स्वच्छ होती.

"अन् कैचीही न्या," मैनाबाई म्हणाली. "त्याच्यापाशी असंनच, पण आपली असलेली बरी."